चार चाकांच्या फळीला पिवळा ठिपका

मला दुचाकी चालवता येत नाही. सायकलसुद्धा नाही. चौतीस वर्षं ही गोष्ट मी कंपनीत लपवून ठेवली आणि आता दिवाळी अंकात छापून देतो आहे. लपवण्याचं कारण असं, की माझी सगळी नोकरी दुचाकीचे बुश तपासण्यात गेली. हलवायाला मधुमेह असावा तसा हा प्रकार, आणि हलवाई तो गिऱ्हाइकाला सांगत बसत नाही.

बुश म्हणजे काय ते आधी सांगून टाकतो. मोटरसायकल खड्ड्यातून जाते तेव्हा मागचं चाक दणकून वरखाली होतं, पण तो सगळा दणका तुमच्या मणक्यापर्यंत पोहोचत नाही. मध्ये कुठेतरी अंगठ्याएवढे रबराचे तुकडे तो गिळत असतात. एक लोखंडी नळी, तिच्या आत दुसरी बारीक नळी आणि दोन्हींच्या मध्ये पक्कं चिकटवलेलं रबर, एवढीच त्याची रचना. आतली नळी फिरली की रबर पिळलं जातं आणि सोडली की परत जागेवर येतं. गॅरेजवाले याला सायलेंट ब्लॉक म्हणतात. तो आवाज करायला लागला की समजायचं, बदलायची वेळ झाली.

चाकणच्या एका रबराच्या कंपनीत मी हे बुश तपासायचो. घर आकुर्डीला आणि कंपनीची बस कोपऱ्यावर येत असे, त्यामुळे गाडी शिकायची वेळच आली नाही. निदान लोकांना मी असं सांगायचो. खरं म्हणजे मला पडायची भीती वाटते. उदगीरला शाळेत असताना एकदा भाड्याच्या सायकलवरून गटारात गेलो, तो हिशोब मी तिथेच मिटवला.

लॉट पास झाला की प्रत्येक बुशवर पिवळ्या रंगाचा ठिपका पडायचा. ठिपके देणारे हात अनेक, पण पहिला ठिपका माझा. तो पडला की माल निघाला. कंपनीत आणखी एक जुना रिवाज होता. नव्या डिझाइनचा बुश ज्यानं पास केला, त्यानंच तो बसवलेल्या गाडीवरून आवारात दोन फेऱ्या मारायच्या आणि मगच ठिपका द्यायचा. रिवाज चांगलाच होता. फक्त माझी कंबर नेमकी त्या दिवशी धरायची. मग कुणीतरी हौशी गडी चावी घेऊन पळायचा आणि मी सावलीत उभा राहून कंबरेवर हात ठेवून मान डोलवायचो.

निवृत्त झाल्यावर घरी बसवेना. मी कुकरच्या शिट्टीचं रबर तिसऱ्यांदा तपासलं तेव्हा बायकोनंच सांगितलं, "कुठेतरी जाऊन या." म्हणून मी भोसरीला बबनरावांच्या वर्कशॉपमध्ये जाऊन बसायला लागलो. बबनराव मूळचे भोसरीचेच. त्यांच्या वडलांच्या ज्वारीच्या रानात आता त्यांचे दोन लेथ, एक मिलिंग मशीन आणि एक हाताचा प्रेस उभा आहे. माणूस मोठ्या मनाचा आणि मोठ्या आवाजाचा. मला त्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये खिडकीजवळचं टेबल दिलं आणि ओळख करून देताना "आमचे रबरवाले साहेब" म्हणायला सुरुवात केली.

गेल्या वर्षी होळीच्या आसपास एक मुलगी भाजीची पिशवी घेऊन शेडमध्ये आली. तिशीच्या आतबाहेरची, पायात कॅनव्हासचे बूट, चालताना डावा पाय किंचित जपून टाकणारी.

"मला ट्रक बनवून हवाय," ती म्हणाली.

चाकणच्या पट्ट्यात ट्रक म्हटल्यावर डोळ्यांपुढे काय येणार? बबनरावांनी लेथ बंद केला. "सहाचाकी का धाचाकी? आन् चेसी कुठंय?"

"दोनच चाकं आहेत," ती म्हणाली आणि पिशवीतून मुठीत मावेल असा ॲल्युमिनियमचा सांगाडा काढून टेबलावर ठेवला. त्याच्या मधोमध एक बोल्ट होता आणि तो अर्ध्यातून तुटला होता.

फरीदा मुलाणी तिचं नाव. रहाटणीत लहानमोठ्यांना स्केटबोर्ड शिकवते. ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. स्केटबोर्ड म्हणजे चाकांची फळी. फळीखाली पुढे एक आणि मागे एक असे दोन धातूचे सांगाडे असतात, त्यांनाच ट्रक म्हणतात. प्रत्येकाला दोन चाकं. या वाहनाला हँडल नाही आणि ब्रेकही नाही. डावीकडे जायचं तर अंग डावीकडे झुकवायचं. फळी झुकली की ट्रकचा आस तिरका होतो आणि चाकं वळतात. ही सगळी करामत एका बोल्टवर आणि त्याला घातलेल्या दोन रबरी चकत्यांवर चालते. फळीवरच्या माणसाचा सगळा जीव त्या एका बोल्टवर.

"दोन वर्षांपूर्वी उतारावर हा तुटला," फरीदानं सांगितलं. "घोट्यात चार स्क्रू आहेत. पाय बरा झाला, पण वळण आलं की तो आपोआप खाली टेकतो. मी टेकवत नाही, तोच टेकतो. आणि पाय टेकला की वेग गेला."

दसऱ्यानंतर मावळात उतारावरच्या शर्यतीची निवड चाचणी होती. निवडलेल्यांना बाहेरच्या राज्यात स्पर्धेला जायला मिळणार होतं. बाहेरून मागवलेले महागडे ट्रकही तिनं वापरून पाहिले होते, पण त्यांतही तोच बोल्ट. "मला बोल्ट नसलेला ट्रक हवाय, काका. बोल्टच नसला तर तुटणार काय?"

"पण माझ्याकडे कशी आलीस?"

"अब्बांचं काळेवाडीत गॅरेज आहे. ते म्हणतात, पिवळ्या ठिपक्याचा बुश डोळे झाकून बसवायचा. ठिपकेवाले साहेब भोसरीत बसतात असं कळलं."

एवढं ऐकल्यावर कुठला म्हातारा नाही म्हणेल? माझी छाती शर्टात मावेना. मी तिथल्या तिथे हो म्हणून बसलो आणि नंतर विचारात पडलो.

कल्पना तशी सरळ होती. बोल्ट आणि चकत्या काढून टाकायच्या आणि त्यांच्या जागी माझा जुना दोस्त, सायलेंट ब्लॉक, तिरका बसवायचा. फळी झुकली की रबर पिळलं जाईल, चाकं वळतील, अंग सरळ केलं की रबर फळीला जागेवर आणेल. रबर फाटलंच तरी चाक सुटू नये म्हणून आतल्या नळीतून एक जाड पिन, जिच्यावर एरवी काहीच भार नाही. चित्र काढलं, बबनरावांनी ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून सांगाडे कोरले आणि एका ओळखीच्या मोल्डिंगवाल्याकडून मी बुश करून घेतले. गुढीपाडव्याला पहिली जोडी तयार झाली. तिला हळदकुंकू लावून आम्ही पेढा खाल्ला.

आमच्या पट्ट्याला गुरुवारी सुट्टी असते. त्या दिवशी चाकणच्या आतल्या रस्त्यांवर कुत्रं नसतं. एका बंद पडलेल्या गोदामासमोरचा चढउताराचा रस्ता आम्ही चाचणीसाठी धरला. फरीदा फळीवर उभी राहिली, निघाली, डावीकडे झुकली आणि नाकासमोर सरळ जाऊन बोगनवेलीत शिरली.

बबनराव धावले. मी कंबर धरून मागून गेलो.

"काका," काटे काढत ती म्हणाली, "ही आगगाडी आहे. झुकतेय, पण वळत नाही."

"डुगडुगली का?"

"तीळभरही नाही."

"मग पास की!"

ती माझ्याकडे बघतच राहिली. चूक माझी होती आणि ती मला आठवडाभर कळली नाही. चौतीस वर्षं मी डुगडुग मारत आलो. जिथे काही हलतं ते घट्ट करायचं, हेच माझं शिक्षण. इथे मात्र हलणं हेच काम होतं. आमच्या दुचाकीला वळवायला हँडल असतं, या बाईला फक्त तिचं वजन होतं. आणि वजनाचं तर मी विचारलंच नव्हतं. शेडमध्ये वाळूच्या दोन गोण्या होत्या, त्या चढवून मी हिशोब केला होता. परक्या मुलीला वजन कसं विचारायचं, हा आमच्या पिढीचा प्रश्न. मी बबनरावांना विचारायला सांगितलं, ते म्हणाले, "म्या न्हाई, तुमीच इचारा." आमची ही कुजबुज ऐकून फरीदा स्वतःच उठली आणि भंगार तोलायच्या काट्यावर जाऊन उभी राहिली.

"बावन्न," तिनं मोठ्यानं सांगितलं. "लिहून घ्या."

माझ्या गोण्या ऐंशी किलोच्या होत्या.

त्यानंतर काम ताळ्यावर आलं. रबर मऊ केलं, तर फळी घसरगुंडीसारखी लोळायला लागली. पुन्हा थोडं कडक केलं. बुशचा तिरपेपणा बदलला. प्रत्येक गुरुवारी फरीदा उतरायची आणि तिच्या भाषेत सांगायची, "पुढचा रुसतोय," "मागचा घाई करतोय." सुरुवातीला मला याचा राग यायचा. रुसणं मोजायचं कशानं? मग मी एक वही केली. तिचा शब्द डावीकडे आणि माझा आकडा उजवीकडे. तीन महिन्यांत मला तिची भाषा आकड्यांत कळायला लागली आणि तिला माझी. नोकरीत मी हजारो चाचण्या केल्या, पण चालवणाऱ्या माणसाशी कधी बोललो नव्हतो. आता वाईट वाटतं त्याचं.

तेवढ्यात बबनरावांनी जुन्या मोटरचं एक यंत्र जोडून दिलं. ते फळीला गोण्यांसकट डावी-उजवीकडे झुकवत राहायचं, दिवसभर. आवाजावरून बबनरावांनी त्याचं नाव खडखड्या ठेवलं. खडखड्यानं आमच्या दोन जोड्या फाडल्या, तिसरी मात्र हटेना. श्रावणात तिच्या झुकण्यांचा आकडा मी बघितला आणि चहा मागवला.

चहाबरोबर त्या दिवशी फरीदाचे वडील आले. दस्तगीरभाई, पांढरी दाढी, नखांत काळं ग्रीस. लेकीच्या पायाखाली काय बसणार ते बघायला आले होते. खडखड्यासमोर ते बराच वेळ उकिडवे बसले.

"चांगलं काम हाय साहेब," ते म्हणाले. "तुमच्या ठिपक्यानं आयुष्यात एकदाच दगा दिला बघा. एक खेप आली होती, नळीवरनं रबर सालीवानी सुटायचं. सहा महिन्यांत चार गाड्या परत आल्या. पर चालायचंच. माणूस हाय, चुकणारच."

ती खेप मला पाठ होती.

महिनाअखेर होती. लॉट पास होऊन ठिपके पडले होते. जाता जाता मी एक बुश सहज कापून पाहिला, तर रबर फाटण्याऐवजी नळीवरून अख्खं सुटून आलं. म्हणजे चिकटवण्यात खोट. वरिष्ठांना सांगितलं, तर ते म्हणाले, "बिराजदार, ठिपके पडलेत ना? मग आता काय पुसत बसणार?" माल न्यायची गाडी दारात उभी होती. मी गप्प बसलो. पुढे तक्रारी आल्या. आळंदीकडच्या एका दूधवाल्याचं गाडीवरून पडून मनगट मोडलं होतं. कंपनीनं नवे बुश पाठवले. मनगटाचं काय झालं ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. पुढची सगळी वर्षं मी फार काटेकोर म्हणून नावाजला गेलो, त्याचं कारण तो दूधवाला होता, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

"दस्तगीरभाई, ती चूक नव्हती," मी म्हणालो. "मला माल जायच्या आधी कळलं होतं."

फरीदा माझ्या टेबलाशी बसली होती, तिनं मान वर केली.

दस्तगीरभाईंनी चहा संपवला, कप खाली ठेवला. "आन् आता?"

"आता नाही होणार."

"मग झालं," ते म्हणाले आणि उठून गेले.

दसरा जवळ आला. खडखड्यावरची जोडी उतरवून मी शेवटची तपासणी केली. सगळे आकडे वहीतल्या आकड्यांना धरून होते. मी कपाटातून पिवळ्या रंगाची बाटली काढली आणि दोन्ही ट्रकवर ठिपका दिला. निवृत्तीनंतरचा पहिलाच. रंग वाळेपर्यंत मी त्याच्याकडे बघत बसलो होतो हे बबनराव अजून चारचौघांत सांगतात.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्या धंद्यात या दिवसाला फार मान. मशीन बंद, कामाला सुट्टी, पण हत्यारांची आंघोळ असते. सकाळी सगळे पाने, ड्रिल, टॅप डिझेलच्या ट्रेमध्ये बुडवायचे, वर्षाची काजळी सुटू द्यायची, मग फडक्यानं पुसून तेलाचा हात फिरवायचा आणि लाल कापडावर मांडून पूजा करायची. चौतीस वर्षं मी हे केलंय. हात आपोआप चालतात. त्या दिवशीही चालले. ट्रकवर खडखड्याची धूळ होती, तेही हत्यारच की आपलं, म्हणून मी दोन्ही ट्रक पान्यांबरोबर ट्रेमध्ये ठेवले. मग हार आणायला गेलो, बबनरावांच्या घरी पुरणपोळी झाली, गप्पा झाल्या. तीन तासांनी परत येऊन सगळं पुसलं, तेलाचा हात फिरवला, झेंडू वाहिला. ट्रक असे चमकत होते की बबनरावांनी त्यांचा फोटो काढला.

दसरा गुरुवारी आला होता. सकाळी फरीदा येऊन ट्रक चालवून बघायला घेऊन गेली आणि दोन तासांत वडलांना घेऊन परत आली. चाचणी रविवारी होती. आपट्याची पानं दिली-घेतली. मी म्हटलं, "झालं मनासारखं?"

"हो," ती म्हणाली. जरा थांबून म्हणाली, "पण काका, अब्बा म्हणतात तुमच्या कंपनीत रिवाज होता. ठिपका ज्याचा, त्यानं आधी चालवायचं."

"व्हय साहेब," दस्तगीरभाई म्हणाले, "आमाला तुमच्या कंपनीतल्या पोरांनीच सांगितलेलं."

"होता खरा," मी म्हणालो आणि हात कंबरेकडे नेला. "पण माझी कंबर..."

"कसली कंबर!" बबनराव गरजले. "ह्येला सायकलबी येत न्हाई! काकूनं सांगितलंय मला!"

घरचा भेदी तो असा. तिघं माझ्याकडे बघत होते. मी घाबरलो होतो हे लिहायला आता लाज वाटत नाही. शेडबाहेरच्या सिमेंटच्या गल्लीत फरीदानं फळी ठेवली. एका बाजूनं बबनरावांनी माझा दंड धरला, दुसऱ्या बाजूनं दस्तगीरभाईंनी. मी एक पाय ठेवला, देवाचं नाव घेतलं आणि दुसरा ठेवला. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मी पहिल्यांदा एका चालत्या वस्तूवर स्वतःच्या पायांनी उभा होतो. ते दोघं मला लग्नातल्या नवरदेवासारखं चालवत होते.

"आता डावीकडे झुका," फरीदा म्हणाली. "आता सरळ व्हा."

मी झुकलो. सरळ झालो. फळी झाली नाही. म्हणजे झाली, पण उशिरा, झोपेतून उठवल्यासारखी.

"थांबा," मी म्हणालो. पुन्हा झुकलो. झुकताना ती नको इतकी सहज झुकत होती आणि परत येताना आळस करत होती. माझी भीती कुठल्या कुठे गेली. तळपायाला कळत होतं की हे रबर माझं नाही. मी खाली उतरलो, फळी उलटी केली आणि अंगठ्याचं नख रबरात दाबलं. नख रुतलं आणि खूण तशीच राहिली. कडेनं रबर नळीबाहेर फुगून आलं होतं. मी नाक जवळ नेलं. डिझेल.

रबराला डिझेल चालत नाही. ते फुगतं, मऊ पडतं, नळीवरची पकड सोडतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. हा पहिला धडा मी कंपनीत नव्या माणसाला द्यायचो, आणि मीच त्याला पुरणपोळी होईपर्यंत डिझेलमध्ये भिजत ठेवलं होतं. वर भक्तिभावानं तेल चोळलं होतं.

"सकाळी तुला नाही जाणवलं?" मी फरीदाला विचारलं.

तिनं फळी माझ्या हातातून घेतली. मग म्हणाली, "जाणवलं. मला वाटलं, मीच घाबरलेय. ठिपका होता ना वर. आणि ज्यानं स्वतःच्या तोंडानं आपली चूक सांगितली, त्याचा ठिपका खोटा कसा असेल?"

चौतीस वर्षांत मला इतकं कुणी बोललं नव्हतं, आणि ती तर बोलत होती माझ्या बाजूनं. रविवारी ती या ठिपक्यावर भरवसा ठेवून उतारावर गेली असती आणि दोष स्वतःच्या पायाला देत पडली असती. मी आत गेलो, थिनर घेतलं, चिंधी घेतली आणि सगळ्यांसमोर दोन्ही ठिपके पुसून टाकले. पिवळा रंग सहज निघतो. त्या खेपेच्या वेळी गाडी दारात उभी असताना हे एका दुपारचं काम होतं, असं माझ्या मनात आलं आणि डोळे भरून आले. बबनरावांनी ते बघून उगाच कुणालातरी फोन लावला.

नशिबानं त्याच घाण्याचे चार बुश मी बिस्किटाच्या डब्यात पावडर लावून ठेवले होते. रबर असंच ठेवायचं असतं, कोरडं. सुट्टी असूनही बबनरावांनी अंगातला नवा सदरा काढून खुंटीला लावला आणि आम्ही हाताच्या प्रेसवर जुने बुश काढून नवे बसवले. खडखड्या लावला. तो शनिवार दुपारपर्यंत चालला. फरीदा दोनदा येऊन नुसती बघून गेली. शनिवारी पुन्हा गल्लीत फळी ठेवली. या वेळी मी बबनरावांचा फक्त एक हात धरला आणि शेवटची चार पावलं तोही सोडला. झुकलो, सरळ झालो, फळीही झाली. मग ठिपका दिला. फरीदाला सांगितलं, "उद्या काही वेगळं वाटलं तर ठिपक्याकडे बघायचं नाही. पायाचं ऐकायचं."

"मग तुमचा ठिपका कशाला?"

"तू पायाचं ऐकशील, या भरवशावर दिलाय."

रविवारी मावळातल्या एका अर्धवट वसाहतीच्या रस्त्यावर चाचणी होती. लांब उतार आणि मध्ये एक आखूड वळण. वळणाच्या बाहेरच्या बाजूला गवताच्या पेंढ्या रचल्या होत्या. मी आणि दस्तगीरभाई तिथेच उभे होतो. एकेक जण खाली येत होता. फरीदाचं नाव पुकारलं तेव्हा दस्तगीरभाईंनी डोळे मिटून घेतले.

"आली की सांगा," ते म्हणाले.

मी सांगितलं नाही, कारण मी कान देऊन ऐकत होतो. चाकांचा आवाज आधी येतो, माणूस नंतर. फळी डुगडुगायला लागली की हा आवाज तुटक होतो. तो तुटला नाही. एकसारखा वाढत आला. मग ती वळणावर दिसली, गुडघे वाकवून, अंग आत झुकवलेलं. मी तिच्या डाव्या पायाकडे बघत होतो. तो फळीवर होता. वळण आलं, तरी फळीवरच होता. वळण संपलं. फळी सरळ झाली, अगदी वेळेवर, आणि ती आमच्यासमोरून निघून गेली.

"दस्तगीरभाई, डोळे उघडा," मी म्हणालो. "गेली ती."

ती पाचवी आली. चार जण निवडले. मी फार हळहळलो, बबनरावांनी पंचांना शिव्या घातल्या, पण फरीदा हसत हसत वर चढून आली. घाम पुसून ती पहिलं वाक्य बोलली ते असं: "काका, पाय टेकला नाही!" मग वडलांकडे वळून पुन्हा तेच म्हणाली, आणि दस्तगीरभाईंनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला तो बराच वेळ काढला नाही.

तिथून आम्ही थेट भोसरीला आलो. वर्कशॉपमध्ये फरीदानं माझ्या कपाटातून पिवळ्या रंगाची बाटली काढली. मला वाटलं, आठवण म्हणून हवी असेल. ती खाली बसली आणि माझ्या उजव्या बुटाच्या टोकावर तिनं ठिपका दिला.

"तुम्ही उभे राहिलात," ती म्हणाली. "पास."

आता तिच्या वर्गासाठी आम्ही आणखी ट्रक करतोय. प्रत्येक जोडीवर मी आधी उभा राहतो, गल्लीच्या टोकापर्यंत जातो आणि परत येतो. आसपासच्या शेडमधले लोक कामं सोडून बघायला येतात. बायको म्हणते ते बूट आता टाकून द्या, तळ गेलाय. मी नवा तळ लावून घेतला. बूट रोज पुसतो, फक्त त्या ठिपक्यावरून फडकं फिरवत नाही. तेलाचं तर नाहीच नाही.